इतर हक्कांत विमान

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, शाळेच्या आठवणींवर बोलायचं असेल. ते म्हणाले, "आठवणी सगळेच सांगणार आहेत. तू तुझ्या कामातलं काहीतरी सांग, फक्त आम्हाला कळेल असं सांग." मी इंजिनिअर झाले, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागले आणि गेली काही वर्षं नकाशांवर काम करते. घरपोच सामान आणणाऱ्या पोराच्या मोबाईलवर जो नकाशा दिसतो, तसल्या नकाशांच्या मागचं काम. म्हणून आज नकाशाबद्दलच बोलते. नकाशा आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळाचा आणि त्याच्या भोवतीच्या जमिनीचा आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांची शेती, शेड, प्लॉट किंवा घर त्याच भागात आहे, त्यामुळे विषय परका नाही.

आठवीत असताना आपण काही जण सायकली घेऊन विमान बघायला गेलो होतो, आठवतंय? दोन तास कुंपणाशी उभे राहिलो. विमान काही आलं नाही. येताना भजी खाऊन परतलो आणि घरी उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली. त्या काळी विमानतळ म्हणजे असं मोठं शांत माळरान होतं. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला हा विमानतळ. त्या वेळी संस्थानात विमान आणायचं स्वप्न बघणं हीच केवढी मोठी गोष्ट! पण आपल्या लहानपणी विमान कधीमधीच यायचं, आणि आलं तर दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची चर्चा व्हायची.

पुढे मी इंजिनिअरिंगला गोकुळ शिरगावच्या केआयटीत गेले. चार वर्षं केएमटीने ये-जा केली. एका बाजूला एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांचा धूर, दुसऱ्या बाजूला मोकळा विमानतळ. खिडकीतून रोज दोन्ही दिसायचं, पण ह्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

आमचे आप्पा टर्नर. उमेदीची वर्षं त्यांनी शिवाजी उद्यमनगरात दुसऱ्याच्या लेथवर काढली. म्हादबा मेस्त्रींच्या गोष्टी ऐकत वाढलेली ती पिढी. शाळा कमी, पण हातात मायक्रोमीटर दिला की माणूस बदलायचा. पुढे गोकुळ शिरगावात भाड्याच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचे दोन लेथ टाकले. आणि मी कॉलेजात असताना, होतं नव्हतं ते घालून, आईच्या पाटल्या मोडून विमानतळाच्या बाजूला दोन गुंठे जागा घेतली. गुंठेवारीतली. एजंट म्हणाला होता, "आप्पा, डोळे झाकून घ्या. विमानतळाशेजारची जागा, उद्या सोनं होणार." आप्पांनी खरोखरच डोळे झाकून घेतली. त्यांचा हिशेब सरळ होता. खाली लेथची शेड, वर एक मजला त्यांचा आणि आईचा, त्यावर भावाचा आणि सगळ्यात वरचा माझा. "पोरगी पुण्याला असली तरी तिला इथं तिचं दार पाहिजे," असं ते म्हणायचे. आमच्या नात्यात मुलीच्या नावाने मजला काढणारा दुसरा बाप मी पाहिलेला नाही.

बरीच वर्षं त्या जागेवर फक्त गवत वाढलं. मग २०१७ च्या डिसेंबरात उडान योजनेतून विमानसेवा परत सुरू झाली. १३७० मीटरची धावपट्टी वाढवून १९३० मीटर झाली, २३०० मीटरचं काम हाती घेतलं गेलं. १० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. कोल्हापूरकर म्हणून मलाही अभिमान वाटला. मधल्या काळात, २०१९ मध्ये, भावाने घर बांधायचं ठरवलं आणि तिथे आमची गाडी अडली.

गुंठेवारी नियमित करून घेणं हे एक रामायण झालं, ते सांगत नाही. पण त्यानंतर कळलं की बांधकामाला विमानतळ प्राधिकरणाचा उंचीचा ना-हरकत दाखला लागतो. भावाने मला फोन केला. म्हणाला, "ताई, तू नकाशातली ना? बघ जरा." आणि मी, जिला नकाशांच्या कामाचा पगार मिळतो, तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बापाची जागा त्या नकाशावर बघितली.

हे गणित दहावीचंच आहे, म्हणून फळ्यावर मांडल्यासारखं सांगते.

विमानतळाच्या भोवती, हवेत, न दिसणारी काही छपरं असतात. धावपट्टीच्या दोन्ही कडांना एक मोकळा पट्टा सोडलेला असतो. त्या पट्ट्याच्या कडेपासून एक उतरतं छप्पर बाहेरच्या बाजूला वर चढत जातं. दर ७ मीटर लांब गेलं की १ मीटर वर. ते ४५ मीटर उंचीला पोचलं की सपाट होतं, आणि मोठ्या धावपट्टीसाठी हे सपाट छप्पर सुमारे ४ किलोमीटरपर्यंत पसरतं. त्याच्या पुढे ते परत चढायला लागतं, दर २० मीटरला १ मीटर. धावपट्टीच्या टोकांना मात्र चढ फार हळू असतो. उपकरणांच्या मदतीने विमान उतरतं तिथे दर ५० मीटरला फक्त १ मीटर, कारण विमान तिथूनच खाली येतं. ही छपरं जगभर जवळपास सारखीच आहेत. त्यांच्या वर काहीही डोकवायला नको. घर नको, चिमणी नको, मोबाईलचा टॉवर नको आणि गणपतीच्या मंडपाची कमानसुद्धा नको.

आता आमची जागा. पट्ट्याच्या कडेपासून साधारण १०५ मीटर. भागिले ७, म्हणजे १५ मीटर. आप्पांच्या मनातलं घर असं होतं : खालची शेड साडेचार मीटर, वर तीन मजले प्रत्येकी ३ मीटर, त्यावर जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी धरून अडीच मीटर. बेरीज १६. मला वाटलं, एक मीटर कमी करू, टाकी दुसरीकडे हलवू, जमेल.

जमलं नाही. कारण ही उंची जमिनीपासून मोजत नाहीत, समुद्रसपाटीपासून मोजतात. भूगोलाच्या सरांनी समोच्च रेषा शिकवताना वर्गात सांगितलं होतं, "पोरांनो, कागद सपाट असतो, गाव सपाट नसतं." मी तेव्हा ते वहीत लिहून घेतलं आणि विसरले. आमची जागा एका उंचवट्यावर आहे, धावपट्टीपेक्षा ५ मीटर वर. म्हणून १५ मधून ५ गेले, राहिले १०. शेड साडेचार, एक मजला ३, टाकी अडीच. बरोबर १०. आप्पा-आईचा मजला बसला. भावाचा बसला नाही, माझा तर नाहीच.

मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे वरची जागा आपली नव्हतीच. मग त्यानं विकली कशी?"

ह्या प्रश्नासाठी मी आज इथे उभी आहे. एजंट खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, त्यालाही बहुधा माहीत नसेल. आप्पांनी सातबारा बघितला होता. तो स्वच्छ होता. कुळ नाही, बोजा नाही, वारसाची तक्रार नाही. शहाणा माणूस जेवढं बघतो तेवढं त्यांनी बघितलं होतं. पण जी गोष्ट बघायला हवी होती, ती सातबाऱ्यावर नव्हतीच.

मग मी सुट्टीच्या दिवशी बसून ह्या भागाचे कागद गोळा करायला लागले. माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच दिसतं ते मला दिसलं. विमानतळाभोवतीची जमीन एकच आहे, पण तिच्या वह्या चार आहेत. शहरात कोल्हापूर महानगरपालिका, १९७२ पासूनची. औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी, जी १९६२ साली स्थापन झाली आणि आपल्या हद्दीत स्वतःच नियोजन करते. भोवतीच्या गावांसाठी २०१७ साली आलेलं ४२ गावांचं प्राधिकरण. आणि चौथं भारतीय विमानतळ प्राधिकरण, ज्याचा जन्म १ एप्रिल १९९५ चा, म्हणजे आपल्या दहावीच्याच वर्षाचा.

प्रत्येकाच्या वहीत जमिनीचं नाव वेगळं. शहरात सिटी सर्व्हे नंबर, गावात गट नंबर, एमआयडीसीत प्लॉट नंबर आणि विमानतळवाल्यांकडे अक्षांश-रेखांश. आमच्या कामात असे चार तक्ते आले आणि त्यांना जोडणारा एकही समान रकाना नसला, तर आम्ही पहिल्यांदा तो रकाना तयार करतो. नाहीतर एकाच ग्राहकाला चार बिलं जातात, किंवा एकही जात नाही. इथे वरून जाणाऱ्या विमानाला खाली एकच जमीन दिसते. खालच्या माणसाला मात्र चार दारं ठोठवावी लागतात, आणि चौथं दार आहे हे कुणी सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, कायदा तर आहे. आहे. २०१५ साली केंद्राने उंचीचे नियम केले. विमानतळ प्राधिकरणाने रंगीत नकाशे काढले, चौकोना-चौकोनांचे. कुठल्या चौकोनात किती उंचीपर्यंत स्थानिक संस्था स्वतः परवानगी देऊ शकते, ते रंगावरून कळतं. लाल चौकोनात मात्र प्रत्येक बांधकामाला प्राधिकरणाचाच दाखला लागतो. व्यवस्था चांगली आहे. पण ती घर बांधणाऱ्याला अडवते. जमीन घेणाऱ्याला सावध करत नाही. आणि आपल्याकडे माणूस जमीन घेतो चाळिशीत आणि घर बांधतो निवृत्तीच्या पैशात. मधल्या वीस वर्षांत त्याची सगळी पुंजी लाल चौकोनात अडकलेली असते.

उशिरा जाग आली की काय होतं, ते मुंबईने दाखवलंय. सांताक्रूझचा विमानतळ झाला तेव्हा भोवती मोकळी जागा होती. शहर वाढत वाढत कुंपणाला चिकटलं. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विमानतळाजवळच्या ४८ इमारतींचे मर्यादेबाहेरचे भाग पाडायला सांगितले. त्या मजल्यांवर राहणाऱ्या माणसांनी पैसे मोजून घरं घेतली होती, हे लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट उंचीची नाही, माणसांच्या दाटीची आहे. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत विमान उडाल्यावर काही क्षणांत मेघाणीनगरात कोसळलं. विमानातले २४१ गेले आणि जमिनीवरचे १९. त्या अपघातात इमारतीच्या उंचीचा दोष नव्हता. पण विमान पडलं ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर, आणि ती जेवणाची वेळ होती. ब्रिटनमध्ये धावपट्टीच्या टोकांना एक सुरक्षा पट्टा आखतात. तिथे नवीन घरं, शाळा, दवाखाने वाढू देत नाहीत. जिथे माणसं कमी थांबतात, अशा कामांना चालतं. म्हणजे इमारत किती उंच आहे ह्याच्या बरोबरीने, तिच्यात एका वेळी किती माणसं असतील, हेही विचारतात.

आता ह्या नजरेने आपला भाग बघा. आपल्याला सवय लागलीये की शहरात घर चांगलं आणि कारखाना वाईट. विमानतळाशेजारी मात्र हिशेब उलटा होतो. शेड बसकी असते. लेथच्या आवाजात विमानाचा आवाज कुणाला त्रास देत नाही. तिथे रात्री तान्ही बाळं झोपलेली नसतात. गोकुळ शिरगावची वसाहत विमानतळाला खेटून आहे, हे आपल्या पथ्यावर पडलं आहे. त्या बाजूला घरांची रांग उभी राहिली असती, तर आज प्रत्येक धावपट्टीवाढीला हजार वाटाघाटी लागल्या असत्या. अर्थात चिमणी, क्रेन आणि धूर ह्यांचा प्रश्न आहेच, आणि उंच चिमणीला दाखला लागतोच. पण शेजारी म्हणून कारखाना घरापेक्षा बरा. चिंता आहे ती उरलेल्या बाजूंची, जिथे दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पडतायत आणि प्रत्येक फलकावर विमानाचं चित्र आहे.

कचऱ्याचंही तसंच. १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम सांगतो की विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात, पक्षी गोळा होतील असा कचरा, मांसाचे टाकाऊ भाग उघड्यावर टाकायचे नाहीत. मी नकाशावर वर्तुळ काढून बघितलं. त्यात अंबाबाईचं देऊळसुद्धा येतं, म्हणजे जवळजवळ अख्खं शहर येतं. तांबड्या-पांढऱ्याच्या गावाने हा नियम पाळायचा म्हणजे मटणाच्या दुकानामागच्या बादलीला झाकण पाहिजे. घारींना आपलं वर्तुळ माहीत नसतं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर शेतकरी मित्र मला जेवताना धरतील. आधी रेषा आखा, असं म्हणणं पुण्यात बसून सोपं आहे. नवी मुंबई विमानतळाभोवती सरकारने २०१३ सालीच नैना नावाचं क्षेत्र जाहीर करून सिडकोकडे सोपवलं. विमानतळाचं उद्घाटन झालं ते ८ ऑक्टोबर २०२५ ला. बारा वर्षं आधी आखणी, म्हणजे आदर्शच म्हणायचा. पण त्या गावांतल्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, रेषा आली आणि माझी जमीन गोठली. विकता येईना, बांधता येईना. आपल्याकडेही गावं हद्दवाढीला आणि प्राधिकरणाला विरोध करतात तो उगीच नाही. आरक्षणाचा शिक्का आधी येतो आणि मोबदला मागाहून, कधी कधी दुसऱ्या पिढीला. धावपट्टीसाठी तामगाव-नेर्ली रस्त्याचा प्रश्न झाला, तेव्हा त्या गावांतल्या माणसाला एमआयडीसीतल्या कामावर जायची वाट बदलायची होती. त्याच्यासाठी तो रोजच्या वेळेचा आणि पेट्रोलचा प्रश्न होता.

म्हणून मी मोठी योजना सांगायला आलेली नाही. एक छोटी गोष्ट मागते आहे. आपल्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. कर्जाचा बोजा असेल, विहिरीत दुसऱ्याचा वाटा असेल, तर तिथे लिहितात. त्याच रकान्यात एक ओळ वाढवा : ह्या गटावर समुद्रसपाटीपासून इतक्या मीटरच्या वरची जागा विमानाची आहे. बस. गट नंबरांचे नकाशे संगणकावर आलेत, रंगीत नकाशाही संगणकावर आहे. एकावर एक ठेवून प्रत्येक गटाचा आकडा काढणं, हे आमच्या धंद्यातलं अवघड काम नाही. तो आकडा दिसला की घेणारा घासाघीस करेल, एजंट जपून बोलेल आणि शेतकऱ्यालाही नेमकं कळेल की त्याच्याकडून काय काढून घेतलं जातंय. मग त्याला मोबदलाही मागता येईल. न लिहिलेल्या हक्काचा मोबदला कोण देणार?

हे सरकारने करेपर्यंत आपण काय करायचं? आपल्या तुकडीत गोशिमाचे सभासद आहेत, गावकारभारात असलेले आहेत, वकील आहेत, बांधकाम करणारे आहेत, बँकेत कर्ज मंजूर करणारे आहेत. चारही वह्यांशी संबंध असलेली माणसं आज एका मांडवात बसली आहेत. एरवी ती एकमेकांना लग्नातच भेटतात. वकिलांनी खरेदीखताआधीच्या तपासणीत उंचीचा मुद्दा घालावा. बँकेतल्यांनी बांधकामाच्या नव्हे, जागेच्या कर्जालाही तो कागद मागावा. विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांची मुदत असते. त्या मुदतीत आपण मिळून एक अर्ज तरी द्यावा, की धावपट्टीच्या टोकांना शाळा, वसतिगृहं, मंगल कार्यालयं नकोत आणि ज्यांची जागा त्यामुळे अडते, त्यांना बदल्यात काय मिळणार ते त्याच कागदावर लिहा. मी माझ्याकडून एवढंच करू शकते : कुणाला त्या भागात जागा घ्यायची असेल तर गट नंबर पाठवा, मी अक्षांश-रेखांश काढून कुठल्या चौकोनात येते ते सांगेन. माझं सांगणं म्हणजे दाखला नव्हे. पण विसार देण्याआधी माणूस थांबून विचार करेल.

आमचं घर झालं. खाली शेड, वर एक मजला. आप्पा आता पंच्याहत्तरीचे आहेत. लेथ भाऊ चालवतो. भावाने शहरात फ्लॅट घेतला, कर्ज अजून चालू आहे. मी सुट्टीला गेले की आईच्या खोलीत झोपते. गेल्या दिवाळीत आप्पांबरोबर गच्चीवर बसले होते, तेवढ्यात विमान आलं, अगदी बाजूने उतरलं. आप्पा म्हणाले, "बघ, तुझ्या मजल्यातनं गेलं." आम्ही दोघंही हसलो. पण नंतर त्यांनी शेजारच्या मोकळ्या प्लॉटकडे बोट केलं. त्याच आठवड्यात तिथे एक नवरा-बायको जागा बघून गेले होते. तरुण होते, लहान मुलगा बरोबर होता. आप्पांनी त्यांना बोलावून, चहा पाजून, हा सगळा हिशेब सांगितला होता. भागिले सात, वजा पाच. त्या पोराने तो वहीच्या पाठकोऱ्या पानावर उतरून घेतला म्हणे.

त्यांनी जागा घेतली की नाही, ते मी विचारलं नाही. पण त्यांना आधी कळलं, एवढं खरं.

आचारी मघापासून खूण करतायत, तांबडा-पांढरा गार होईल. इतकं शांतपणे ऐकलंत, जे मी शाळेत कधी केलं नाही, त्याबद्दल तुमचे आणि विशेष करून भूगोलाच्या सरांचे आभार.